वाचकांचे प्रश्न : फ्रीडम रायडर्स

प्रश्न : आंतरराज्य बसमधला वर्णभेद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्येच बेकायदा ठरवला होता. मग १९६१ मध्ये तरुणांना त्यासाठी मार का खावा लागला?
– एक वाचक, सांगली

उत्तर : निकाल लागला, पण दक्षिणेतल्या स्टँडवरच्या ‘व्हाइट’ आणि ‘कलर्ड’ या पाट्या हलल्या नाहीत. १९६० च्या निकालाने स्टँडवरचं उपाहारगृहही खुलं केलं, तरी केंद्र सरकार हात घालेना. त्याला भाग पाडण्यासाठीच ४ मे १९६१ ला ‘कोअर’ या नागरी हक्क संघटनेचे १३ जण, म्हणजे पहिले ‘फ्रीडम रायडर्स’, वॉशिंग्टनहून दोन बसमधून निघाले. कोणी कुठे बसायचं हे ठरलेलं होतं. एक काळा आणि एक गोरा शेजारी-शेजारी, एक कृष्णवर्णीय पुढच्या, गोऱ्यांच्या सीटवर, बाकीचे विखुरलेले. एकाने मात्र मुद्दाम जुना नियम पाळायचा. सगळेच तुरुंगात गेले तर जामिनाची धावपळ करणार कोण? १४ मे रोजी अलाबामा राज्यातल्या ॲनिस्टनजवळ जमावाने एक बस जाळली आणि मूळ प्रवास थांबला. तो पुन्हा सुरू केला नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांनी. त्यांची नेती डायन नॅश हिचं म्हणणं सरळ होतं : मारहाणीने चळवळ थांबते हे एकदा दिसलं, की पुढे प्रत्येक वेळी तेच होणार.

प्रश्न : तुरुंगात ते ३९ दिवसच का राहत?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हा हिशेब वकिली होता. मिसिसिपी राज्याची राजधानी जॅक्सन इथे उतरलेल्या रायडर्सना अटक होई आणि ‘शांतताभंगा’साठी २०० डॉलर दंड होई. तो भरला की पैसा त्याच सरकारच्या तिजोरीत जाणार. आत बसलं की कोठड्या भरतात, खर्च सरकारच्या डोक्यावर. पण ४० दिवसांत जामीन भरला नाही तर मिसिसिपीत अपिलाचा हक्क जाई, म्हणून ३९. जॅक्सनमध्ये ३०० हून अधिक अटका झाल्या, बरेच जण राज्यातल्या पार्चमनच्या तुरुंगात गेले. तिथे ते गाणी थांबवेनात म्हणून गाद्या काढून घेतल्या. गाणी चालूच राहिली. आंतरराज्य वाणिज्य आयोगाचा पाट्या उतरवण्याचा आदेश १ नोव्हेंबरपासून लागू झाला.

प्रश्न : यात नागपूरचा संबंध खरा का?
– एक वाचक, वर्धा

उत्तर : खरा. अहिंसक लढ्याचे अमेरिकन प्रशिक्षक जेम्स लॉसन १९५३ ते १९५६ नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. गांधींचा अभ्यास करून परतल्यावर नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांना त्यांनीच तयार केलं. सरावात एकाने खुर्चीवर बसायचं, इतरांनी शिव्या द्यायच्या, ढकलायचं. मार बसू लागला की अंग आक्रसून डोकं हातांनी झाकायचं, उलट हात मात्र उचलायचा नाही. २४ मे रोजी जॅक्सनला निघालेल्या बसमध्ये लॉसन स्वतःही होते.