शब्द अडला की लगेच डिक्शनरी नको

लेकीला 'नार्निया' या मुलांच्या जादुई गोष्टींच्या मालिकेतलं १९५० सालचं पहिलं पुस्तक इंग्रजीतून वाचून दाखवताय ना? मग शब्दांच्या याद्या पाठ करून घेऊ नका. मी तेच केलं होतं, पोरगं आठवड्यात पुस्तक बघून पळायला लागलं. 'मॉथबॉल' आला की सरळ कपाट उघडा, डांबरगोळ्यांचा वास येऊ द्या. गोष्टीतली मुलगी ल्यूसी कपाटात शिरते, पायाखाली काहीतरी कुरकुरतं, तिला वाटतं डांबरगोळ्याच. वाकून हात लावते तर बर्फ! ही गंमत नुसता अर्थ सांगून कळत नाही. 'फॉन'चं चित्र काढायला लावा: वर माणूस, कमरेखाली बकरा, हातात छत्री. 'टर्किश डिलाइट'ला मात्र बर्फी म्हणू नका हं, तो आपल्या कराची हलव्याच्या जवळचा. पानाला दोन-तीन शब्दांवर थांबा, बाकीचे ओघात जाऊ देत.