दारू घेणार त्या दिवशी शुगरची गोळी घ्यायची का नाही?

हा प्रश्न मला डायबेटिसवाले बहुतेक वेळा बायको बाहेर गेल्यावरच विचारतात, हळू आवाजात. म्हणून एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

पन्नाशी ओलांडलेले एक काका, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी चालू. शनिवारी मित्राकडे बसायचं. घरी कळलं की काकू चिडणार, म्हणून आल्याआल्या गुपचूप झोपायचं. आणि दारूने शुगर वाढते असं डोक्यात पक्कं, त्यामुळे त्या रात्री भात-पोळी बंद, नुसते शेंगदाणे. गोळी मात्र घेतलेली.

गटारीच्या रात्री असंच झालं. पहाटे काकूंनी बघितलं तर अंग घामाने भिजलेलं, हात थरथरतायत, बोलणं असंबद्ध. त्यांना वाटलं अजून उतरली नाहीये, पडू दे असंच. नशीब मुलगी घरी होती, तिने ग्लुकोमीटर लावला तर शुगर ४८! काका शुद्धीत होते, गिळता येत होतं म्हणून साखरेचं पाणी पाजलं आणि लगेच दवाखान्यात नेलं, कारण या गोळीचा असर बराच वेळ राहतो, वर आलेली शुगर परत खाली जाऊ शकते.

असं का होतं तर पोट रिकामं असलं की लिव्हर साखर बनवून रक्तात सोडत असतं, पण दारू आली की ते दारूच्या मागे लागतं आणि साखर बनवायचं काम मंदावतं. इकडे ग्लिमेपिराइड शुगर कमी असली तरी इन्शुलिन सोडायला लावतच राहते. म्हणून धोका पिताना कमी आणि झोपेत जास्त, अगदी दुसऱ्या दिवसापर्यंत. मेटफॉर्मिनचं वेगळं, खूप दारू झाली आणि त्यात किडनी किंवा लिव्हर कमजोर असेल तर रक्तात लॅक्टिक ॲसिड साठू शकतं, क्वचित होतं पण जिवावर बेततं.

मग गोळी चुकवायची का? आपल्या मनाने नाही. डॉक्टरांना खरं सांगा, किती घेता, कधी घेता, ते गोळी बदलू शकतात. या काकांची बदललीच. अजिबात न घेणं सगळ्यात चांगलं, आणि लिव्हर, स्वादुपिंड किंवा पायातल्या नसांचा त्रास (मुंग्या, बधिरपणा) असेल तर माझ्याकडून थेट नाहीच. तरी घेणारच असाल तर नीट जेवून, मोजून, आणि झोपायच्या आधी शुगर बघून. बीअर हलकी समजू नका, ६५० मिलीच्या साध्या बाटलीत ३० मिलीच्या अडीच पेगएवढी दारू असते.

काकूंनी रडत विचारलं, म्हणजे मी आता परवानगी देऊ का? मी म्हटलं परवानगी नको, पण त्या रात्री भांडण नको, भांडायचं ते दुसऱ्या दिवशी दुपारी भांडा. त्यांनी लपवलं की ते उपाशी झोपतात आणि तुम्हाला कळतच नाही की ही नशा आहे का शुगर उतरलीय, दोन्ही दिसायला सारखंच. शंका आली की आधी सुई टोचून बघा. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा.

काकांचं बसणं पूर्ण थांबलेलं नाही, कमी झालंय. पण आता ते घरून जेवून जातात आणि कुठे चाललोय ते काकूंना सांगून जातात.