ढगाआडची टेकडी

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या राजाचे धाकटे भाऊ ड्यूक ऑफ केंट यांचे सुंदरलंड विमान स्कॉटलंडमधल्या टेकडीवर आदळले. सगळे इंजिन चालू असताना असे कसे घडते?

उत्तर : २५ ऑगस्ट १९४२. इन्व्हरगॉर्डनहून आइसलंडला निघालेल्या या समुद्री विमानात १५ जण होते; शेपटाकडचा तोफची तेवढा वाचला. किनाऱ्याला धरून समुद्रावरून जायचे विमान ढगात जमिनीवर भरकटले. खाली पाणी आहे याची खात्री न करता उंची कमी केली, असा निष्कर्ष चौकशीत निघाला.

त्या काळी वैमानिक वेग, दिशा आणि वाऱ्याच्या अंदाजावरून जागा काढत. दिशेत १ अंश चूक झाली, तर ६० मैलांत विमान १ मैल बाजूला जाते. त्यात उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो : दाब १ मिलिबारने घटला आणि काटा जुळवला नाही, तर तो सुमारे ३० फूट जास्त उंची दाखवतो. शिवाय तो समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो, पायाखालच्या टेकडीपासूनची नव्हे. हे मात्र अनेकजण विसरतात. इंधनाने जड झालेले विमान चढतेही सावकाश, त्यामुळे समोर कडा दिसला तरी वर उचलायला अवधी उरत नाही.