सी भाषेत स्ट्रिंग कॉपी करताना

‘स्ट्रकॉपी’ हे फंक्शन ज्या बफरमध्ये (मजकुरासाठी राखून ठेवलेल्या मेमरीत) लिहायचे आहे त्याचा आकार पाहतच नाही; मूळ मजकुराचा शेवट दाखवणारा शून्य बाइट भेटेपर्यंत ते लिहीत राहते, त्यामुळे जागा अपुरी पडल्यास शेजारची मेमरी बिघडते. त्याऐवजी ‘स्ट्रएनकॉपी’ वापरा असे तुम्हाला अनेकजण सांगतील, पण मला तो सल्ला धोक्याचा वाटतो, कारण मूळ मजकूर दिलेल्या मर्यादेइतका किंवा त्याहून लांब असेल तर ते शेवटी शून्य बाइट लिहीतच नाही. तुम्ही ‘एसएनप्रिंटएफ’ वापरा, त्याला फॉरमॅट (मजकूर कसा लिहायचा हे सांगणारी "%s" ही खूण) स्वतंत्रपणे द्या, मूळ मजकूरच फॉरमॅट म्हणून देऊ नका, आणि परत मिळालेली संख्या बफरच्या आकाराइतकी किंवा मोठी असेल तर मजकूर कापला गेला आहे हे ओळखून पुढचे पाऊल ठरवा. ‘स्ट्रएलकॉपी’ही चांगले आहे, मात्र ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये १९९८ पासून असलेले हे फंक्शन ग्लिबसीत (लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या सी लायब्ररीत) २०२३ मध्येच आले. स्रोत आणि लक्ष्य यांची मेमरी एकमेकांवर येत असेल, तर ‘मेममूव्ह’च वापरावे.