वाचकांचे प्रश्न: प्रवेश झाला, पदवीचं काय?

प्रश्न: मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातली, खानापूर तालुक्यातली. मराठी शाळेत शिकले, नंतर एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केलं. गावाकडची मुलं कॉलेजात जावीत आणि पदवी पुरी करूनच बाहेर पडावीत, हेच काम आयुष्यभर करायची इच्छा आहे. अशी नोकरी असते का?
– एक वाचक

उत्तर: असते, पण त्या नावानं जाहिरात येत नाही. शिष्यवृत्ती, समुपदेशन, प्रवेश मार्गदर्शन अशा नावांनी शोध. स्वयंसेवी संस्थेत जायचं तर तुझी पदवी पुरे. कॉलेजात शिकवत हे करायचं असेल तर नेट किंवा के-सेट (कर्नाटकची राज्य पातळीवरची प्राध्यापक पात्रता परीक्षा) दे. मी शिकवत असताना शिष्यवृत्तीचं टेबल माझ्याकडं होतं, तिथंच हे काम शिकले.

प्रवेशाच्या वेळी सगळे मदतीला येतात. पोरं गळतात ती नंतर. मराठीतून दहावी केलेलं पोर फर्स्ट पीयूला (म्हणजे अकरावीला) सायन्स घेतं आणि वर्गात सगळं इंग्रजीतून सुरू होतं. विषय त्याला येत असतो, पण ते गप्प बसतं आणि गप्प बसलेलं पोर दिवाळीनंतर दिसेनासं होतं. त्याला पहिले दोन महिने रोज तासभर कुणीतरी हवं. ती सोय तू कर.

दुसरी अडचण बसची. 2023 च्या जूनपासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत मुलींचं सरकारी बसचं तिकीट माफ झालं, ही मोठी गोष्ट आहे. पण कणकुंबी-जांबोटीसारख्या तालुक्यातल्या दूरच्या गावांकडच्या मुलीला प्रॅक्टिकल संपवून परतायला गाडी नसेल तर काय उपयोग? प्राचार्यांना भेटून तिच्यासाठी सकाळची बॅच मागून घेणं हेही तुझंच काम.

एसएसपीवरचे (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे) अर्ज नावातल्या एका अक्षरावरून अडकतात. नाडकचेरीचा (गावाजवळच्या महसूल कार्यालयाचा) जात-उत्पन्नाचा दाखला, आधार, मार्कशीट, बँक खातं, सगळं दहावीच्या सुट्टीतच जुळवून घे.

सगळ्यात नाजूक वेळ निकालाची. विषय राहिला की पोर घरी बोलत नाही, परीक्षेची फी भरायची तारीख निघून जाते. निकाल लागला की मी त्याच आठवड्यात घरी फोन करायचे. एका वडिलांनी सांगितलं, 'नापास झाली, आता कशाला पाठवू?' दोनच विषय राहिलेत, पुढच्या वर्गात बसता येतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ती मुलगी बी.एस्सी. झाली.

कन्नड लिहिता-वाचता येईल इतकं पक्कं कर. परिपत्रकं कन्नडमध्येच येतात आणि मुलांची कामं त्यावर अडतात. त्यानं मराठी काही दुरावत नाही. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी तरतूद आहे. तीही पालकांना सांग, बऱ्याच घरांत माहीत नसतं.

नोकरी मिळेपर्यंत थांबू नकोस. तुझ्याच हायस्कूलमधून गेल्या वर्षी दहावी झालेल्यांची यादी मुख्याध्यापकांकडून घे आणि घरोघरी जाऊन कोण कुठं शिकतंय, कोण घरी बसलंय, ते लिहून काढ. संस्थेत मुलाखतीला जाशील तेव्हा ती वही बरोबर ने.