बंद पडलेला जुना लष्करी उपग्रह ॲपने दाखवलेल्या जागी का सापडत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९८० च्या दशकातला ‘ओको’ मालिकेतला एक कॉसमॉस उपग्रह ॲपमध्ये डोक्यावर दिसतो, पण १०×५० च्या बायनॉक्युलरमधून त्या जागी काहीच दिसत नाही. ॲप चुकतंय की टीएलई (उपग्रहाच्या कक्षेचे आकडे देणाऱ्या दोन ओळी) जुनं झालंय?

बहुधा दोन्ही नाही. उपग्रह तिथेच आहे, पण फार अंधूक आहे.

ओको ही सोव्हिएत संघाची क्षेपणास्त्रांची पूर्वसूचना देणारी मालिका. पहिला उपग्रह, कॉसमॉस-५२०, १९७२ साली गेला. कक्षा मोल्निया प्रकारची, म्हणजे खूप लांबट: एक फेरी सुमारे ७१८ मिनिटांची, कल (विषुववृत्ताशी होणारा कोन) ६३ अंशांच्या आसपास, उपभू (पृथ्वीला सर्वांत जवळचा बिंदू) काहीशे किलोमीटरवर आणि अपभू (सर्वांत लांबचा बिंदू) जवळजवळ ४०,००० किलोमीटरवर. उपभूपाशी वेग सेकंदाला १० किमी, अपभूपाशी जेमतेम दीड. त्यामुळे बाराएक तासांच्या फेरीतला बहुतेक वेळ तो लांबच असतो. अंतर ५,००० वरून ४०,००० किमी झालं की तेज साडेचार प्रतींनी उतरतं (प्रत हे तेजाचं माप; आकडा जितका मोठा, तितकी वस्तू अंधूक). १,००० किमीवर पाचव्या प्रतीचा असलेला उपग्रह अपभूपाशी तेराव्या प्रतीचा होतो. बायनॉक्युलरचं ते काम नाही.

टीएलईच्या चुकीचा हिशोबही करून बघा. अपभूजवळ तो ताऱ्यांच्या तुलनेत सेकंदाला साधारण ७ विकला सरकतो (एक अंश म्हणजे ६० कला, एक कला म्हणजे ६० विकला). अंदाज एका मिनिटाने चुकला, तर जागा ७ कला चुकते. हीच एका मिनिटाची चूक उपभूपाशी आकाशात कित्येक अंशांची होते. म्हणून शोध नेहमी अपभूजवळ घ्यावा. तिथे तो पृथ्वीच्या सावलीतही क्वचितच सापडतो, म्हणजे रात्रीची कुठलीही वेळ चालते. त्यातही तो सूर्याच्या साधारण विरुद्ध बाजूला असताना जास्त उजळ दिसतो.

ॲपची खात्री मात्र एकदा करून घ्या. २२५ मिनिटांहून मोठ्या फेरीसाठी सूर्य-चंद्राचं आकर्षण धरणारं गणित लागतं (एसडीपी४, आताच्या एसजीपी४ लायब्ररीत ते आलेलंच असतं). काही साधी ॲप्स ते वापरत नाहीत. पायथॉनमध्ये स्कायफील्ड या लायब्ररीने तीच वेळ काढून ताडून पाहा. टीएलई स्वतः वाचत असाल, तर उत्केंद्रतेच्या (कक्षा किती लांबट आहे त्या) आकड्यात दशांशचिन्ह छापलेलं नसतं. ७३१२३४५ म्हणजे ०.७३१२३४५.

आता खरं काम, म्हणजे कॅमेरा. १३५ मिमी एफ/२ लेन्स आणि ४ मायक्रॉन पिक्सेलचा सेन्सर धरला, तर एक पिक्सेल म्हणजे ६ विकला. उपग्रह एका पिक्सेलवर एक सेकंदभरही थांबत नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं. ३० सेकंदांचं एक्सपोजर देऊन अंधूक वस्तू उमटेल असं वाटतं, पण त्यात फक्त तारे आणि आकाशाचा उजेड वाढतो. उपग्रहाचा प्रकाश ३५ पिक्सेलांवर पसरून नॉइजमध्ये बुडतो. त्याऐवजी ताऱ्यांच्या गतीने फिरणाऱ्या माउंटवर (कॅमेऱ्याच्या बैठकीवर) २ सेकंदांच्या ६० फ्रेम घ्या. प्रत्येक फ्रेम प्लेट-सॉल्व्ह करा (ताऱ्यांवरून तिची आकाशातली नेमकी जागा काढा) आणि मग फ्रेम ताऱ्यांवर न जुळवता उपग्रहाच्या अपेक्षित गतीने सरकवून स्टॅक करा, म्हणजे एकावर एक रचा. तारे रेघा होतात, उपग्रह ठिपका होतो आणि एका फ्रेमपेक्षा सुमारे दोन प्रती खोल जाता येतं. सरकवण्याची दिशा थोडी जरी चुकली तरी ठिपका विरघळतो, म्हणून गती आणि दिशा दोन्ही किंचित बदलून चार-पाच स्टॅक करावेत.

माउंट चालू ठेवायचा की बंद, हे कक्षेवर ठरतं. टीएलईच्या दुसऱ्या ओळीतला सहावा आकडा, म्हणजे उपभूचा कोन (उपभू कक्षेत कुठे आहे ते सांगणारा) पाहा. तो २७० च्या आसपास असेल, तर अपभूजवळ उपग्रहाची पूर्वेकडची गती पृथ्वीच्या फिरण्याशी जवळजवळ जुळते आणि तो आकाशात थबकतो. अपभूच्या आधीचा एक आणि नंतरचा एक तास धरला, तरी तो जेमतेम अंशभर हलतो. तिथे माउंट बंद ठेवून साध्या ट्रायपॉडवरही भागतं. ओको उपग्रहांचा कोन मुळात ३१६ ते ३१८ च्या जवळ ठेवलेला असे, त्यामुळे ते थबकत नाहीत. त्यांच्यासाठी माउंट चालूच हवा. सोडून दिलेल्या उपग्रहाचा हा कोन वर्षानुवर्षं बदलत जातो, तेव्हा ताजा आकडा घ्या.

सापडलेला ठिपका तोच आहे का, हेही तपासा. या मालिकेतले काही उपग्रह कक्षेतच फुटले. शिवाय त्यांना वर नेणाऱ्या रॉकेटचे शेवटचे टप्पे कॅटलॉगमध्ये ‘एसएल-६ आर/बी(२)’ या एकाच नावाने डझनांनी आहेत. म्हणून नावाने नव्हे, कॅटलॉग क्रमांकाने शोधा. दहा मिनिटांनी पुन्हा फ्रेम घ्या. जागा आणि सरकण्याची दिशा दोन्ही जुळायला हव्यात.

जागा मोजताना एक खड्डा हमखास येतो. प्लेट-सॉल्व्हिंगचे विषुवांश-क्रांती (आकाशातल्या जागेचे निर्देशांक) जे२००० चे, म्हणजे २००० सालच्या आकाशाला धरून असतात, ॲपचे बऱ्याचदा चालू तारखेचे. परांचन गतीमुळे (पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डोलण्यामुळे) दोन्हींत आता सुमारे एक तृतीयांश अंशाचा फरक पडतो. तो तसाच राहिला, तर बरोबर सापडलेला उपग्रहही दुसराच वाटतो.

आणि स्टॅकमध्ये काहीच आलं नाही, तर सुट्या फ्रेम एकेक करून पाहा. बंद उपग्रह गिरक्या घेत असतो. सौर पॅनेलवरून क्षणभर झळाळी आली, तर तो एखाद्याच फ्रेममध्ये ठळक उमटतो आणि सरासरीच्या स्टॅकमध्ये पुसला जातो. अशा वेळी सरासरीऐवजी प्रत्येक पिक्सेलची कमाल किंमत घेणारा स्टॅक करा आणि झळाळ्यांमधलं अंतर सेकंदांत नोंदवा, म्हणजे पुढच्या वेळी कुठल्या फ्रेम आधी पाहायच्या ते कळेल.