आधी व्यापक पद, मग बाकी सगळं

द्विपद प्रमेयाच्या गणितात, म्हणजे दोन पदांच्या कंसाचा मोठा घात उलगडताना, पूर्ण विस्तार लिहीत बसू नकोस. अकरावीतली बहुतेक पोरं तिथेच वेळ घालवतात. विचारलेलं पद एकच असतं, तेवढंच उचलायचं.

समज, (२क्ष² − १/क्ष) चा नववा घात दिलाय. त्याचं (र+१) वं पद, म्हणजेच व्यापक पद (र च्या जागी ०, १, २ असं ९ पर्यंत ठेवलं की एकेक पद मिळतं), असं: ९सीर (९ मधून र निवडण्याचे प्रकार) × (२क्ष²) चा (९−र) वा घात × (−१/क्ष) चा र वा घात. यात आकडे एकीकडे कर आणि क्ष चे घात दुसरीकडे. क्ष चा घातांक निघतो १८ − ३र. अर्धं गणित इथंच संपलं.

स्थिर पद, म्हणजे क्ष नसलेलं पद, हवंय? १८ − ३र = ०, म्हणून र = ६. पद मात्र सातवं, सहावं नव्हे! किंमत ८४ × ८ = ६७२. क्ष³ चा सहगुणक हवा असेल तर र = ५, आणि उत्तर १२६ × १६ × (−१) = −२०१६. नुसतं १२६ लिहून मोकळा होऊ नकोस. तो नुसता ९सी५, म्हणजे द्विपद सहगुणक झाला, पदाचा सहगुणक नाही. आणि ते उणे चिन्ह कंसातच ठेव, बाहेर काढलंस की हमखास हरवतं.

क्ष⁴ विचारला तर र = १४/३ येतो. घाबरू नकोस, तसं पदच नाही, सहगुणक शून्य.

मधलं पद सोपं आहे: घात ९ म्हणजे पदं १०, म्हणून मधली दोन, पाचवं आणि सहावं.

कधी सगळा विस्तार लिहावाच लागला, तर क्ष = १ ठेवून बघ. इथे सहगुणकांची बेरीज (२ − १) चा नववा घात, म्हणजे १ यायला हवी.